फिटवालीची लेक

बांगडी चढेना.

सुमनबाई कासारीण म्हणजे पाचोऱ्यातल्या निम्म्या बायकांच्या मनगटांची मापं डोक्यात घेऊन फिरणारी बाई. तिनं भाविकाच्या हाताला आधी तेल लावलं, मग साबणाचं पाणी लावलं, अंगठा आत दुमडून पाहिला, हात वर धरून खाली सोडला. हिरवी बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकली ती अडकलीच. "संक्रांतीला हेच माप सहज गेलं होतं की हो," असं पुटपुटत तिनं मोठ्या मापाचा डबा उघडला. त्यातली बांगडी कशीबशी गेली, पण जाताना हातावर वळ उठवून गेली.

आणि जमलेल्या बायकांना आनंद झाला! सातव्या महिन्याची ओटी भरायला आलेल्या त्या पंचवीस-तीस बायकांत एकीलाही वाटलं नाही की हे काहीतरी वेगळं आहे. एक म्हणाली, अंगावर बाळसं आलं. दुसरी म्हणाली, चेहऱ्यावर तेज बघा कसं चढलंय. भाविकाच्या सासूबाई शेवंताबाई तर फुलून गेल्या होत्या. मुलगाच होणार म्हणून त्या सगळ्यांना सुनेचे पाय दाखवत होत्या. "पाय पाह्या, कसा भरेल शेतस! पोऱ्याच शे, मी लिखी देस."

पाय भरले होते खरे. पैंजणं काढून ठेवावी लागली होती. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता. फोटोवाला तिला फुलांच्या झोक्यावर बसवून, हनुवटी अशी करा, मान तशी करा, सांगत होता. झोक्यावर बसलेल्या भाविकाचे डोळे सुजून नुसत्या फटी राहिल्या होत्या. त्या फटींतून ती सगळ्यांकडे बघून हसत होती, कारण हसायला सांगितलं होतं.

कुंदाबाई, म्हणजे भाविकाची आई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर विहिणीच्या मानानं बसल्या होत्या. सकाळीच यावल तालुक्यातल्या त्यांच्या केळीच्या गावाहून गाडी करून आल्या होत्या. बरोबर नवरा सुपडूभाऊ आणि थोरले दीर योगराज नाना. मुलीला पाहिल्या क्षणापासून त्यांची नजर तिच्यावरून हलली नव्हती. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी तो आरशात पाहिला होता.

तेव्हा भाविका पोटात होती. असेच हातपाय सुजले होते, अशाच घरच्या बायका खूश होत्या. एका दुपारी कुंदाबाईंचं डोकं फुटायला आलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, छातीखाली कोणीतरी मूठ घालून पिळतंय असं वाटलं, आणि पुढचं त्यांना आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त वास. शुद्धीवर आल्या तेव्हा नाकाशी चप्पल होती. नवऱ्याची, शेणात भरलेली, गोठ्यातून तशीच उचलून आणलेली. बाई झटके देतेय, तोंडाला फेस येतोय, पोटात सात-आठ महिन्यांचं मूल आहे, आणि घरातली जाणती माणसं काय करत होती? चप्पल हुंगवत होती! एक कोणी कांदा फोडून आणला. एकीनं मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. जीप शेजारच्या दारात उभी होती, जळगावचा रस्ता चांगला डांबरी होता. पण फिट आली म्हणजे चप्पल, हे ठरलेलं होतं, आणि ठरलेलं मोडायला कोण तयार असतं? दुसरा झटका आला, तिसरा आला, तेव्हा कुठे जीप निघाली. माय-लेकी वाचल्या त्या चपलेमुळे नव्हे, चप्पल हुंगवूनही वाचल्या.

त्यानंतर कुंदाबाईंना पुन्हा कधी झटका आला नाही. एकदाही नाही. पण नाव पडायचं ते पडलं. फिटवाली. सासू त्यांना विहिरीवर पाठवीना, चुलीपाशी एकटीला बसू देईना. "फिटवालीला दुसरं मूल नको," हा निकालही घरातच लागला. कुंदाबाईंना कोणी विचारलं नाही. दवाखान्यातून घरी येताना तिथल्या डॉक्टरनं काहीतरी समजावून सांगितलं होतं, पण ते सांगितलं योगराज नानांना. बाईचा आजार पुरुषाला सांगायचा, अशीच रीत. नानांनी घरी येऊन सांगितलं, "काही नही, फिट व्हती."

मग भाविका शाळेत जायला लागली आणि एके दिवशी ते नाव घरात बंद झालं. कुंदाबाईंना क्षणभर वाटलं होतं, दया आली असेल. कसली दया! नानांनी सगळ्यांना दम भरला होता की हा शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून निघाला तर बघा, उद्या पोरीच्या लग्नाला आडवा येईल. तेव्हापासून त्या दुपारीवर घरानं माती लोटली. भाविका जळगावला होस्टेलवर राहून शिकली, पदवीधर झाली. पाचोऱ्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव नवीन, बियाण्यांचं-खतांचं चांगलं चालतं दुकान. बैठकीत मुलाच्या काकांनी विचारलंच, घरात कोणाला काही दुखणंखुपणं? नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "सात पिढ्या ठणठणीत." कुंदाबाई आत पोहे वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि डाव हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

ओटी भरायला सुरुवात झाली. पहिला मान शेवंताबाईंचा. त्यांनी नारळ, खण, गहू ओटीत घातले. भाविका उठून पाया पडायला वाकली ती झोक्याची साखळी धरूनच राहिली.

"आई, डोकं फार ठणकतंय," ती सासूला म्हणाली.

"ऊन शे ना व माय, चैतनं ऊन," शेवंताबाई म्हणाल्या. "लिंबूपानी पी. आनि नजर बी लागनी व्हई, इतल्या बायका येल शेतस." लगेच कोणीतरी मीठ-मिरच्या आणायला स्वयंपाकघरात पळालं.

कुंदाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत झोक्यापाशी गेल्या. मुलीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "डोयापुढे चमकतं का काही?"

भाविकानं त्यांच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "तुला कसं कळलं मम्मी? सकाळपासून ठिपके ठिपके दिसतायत. आणि इथं," तिनं छातीखाली हात नेला, "इथं ॲसिडिटी झालीय. सोडा प्यायले तरी जात नाही."

कुंदाबाईंनी झोक्याची साखळी धरली. त्या शेवंताबाईंना म्हणाल्या, "हिले दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"असं काय करतस विहीनबाई? ओटी भराई जाऊ द्या. मंग नवीन लई जाई. तश्या बी डॉक्टरीनबाईकडे जावानंच शे, मागला महिनाले राही गयं."

"मागल्या महिन्यात दाखवलंच नही?"

"ठणठणीत व्हती ना पोर! काय दाखाडानं?"

ठणठणीत! पुन्हा तोच शब्द. कुंदाबाईंना वाटलं, हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याचं तोंड धरावं. त्या काही बोलणार तोच दारातून योगराज नानांनी खूण केली. बायकांच्या कार्यक्रमात ते आत येऊ शकत नव्हते, पण दारात उभं राहून लक्ष मात्र ठेवून होते. कुंदाबाई दारापाशी गेल्या. आयुष्यभराच्या सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"काय चाललं तुमचं?" नाना दबक्या आवाजात म्हणाले. "दोन घास खाऊन मुकाट्यानं पोरीले घेऊन निघू आपण. मंग दाखवू जळगावले. इथं तोंड उघडू नका. फिटचं नाव निघालं ना, तर उद्या पोर कायमची माघारी येईन. समजलं का?"

"नाना, तिले झटका येईन. वाटंतच येईन."

"तुमच्या तोंडात साखर पडो, बोला अजून!" नाना उपरोधानं म्हणाले. "तुमचं ते फिट होतं. हिचं ऊन लागलं."

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुपडूभाऊ नानांच्या मागे उभे होते. ते नेहमी नानांच्या मागेच उभे असत. त्यांनी मान खाली घातली. चोवीस वर्षांपूर्वी चप्पल आणायला गोठ्याकडे धावलेला हाच तो माणूस. वाईट नव्हता बिचारा. पण वाईट नसून उपयोग काय, मेलं?

मागून बायकांचा गलका झाला. भाविकाला उलटी झाली होती.

पदर डोक्यावरून कधी खाली आला ते कुंदाबाईंना कळलं नाही. त्या वळल्या आणि त्या भरल्या घरात, फुलांच्या झोक्यापुढे, अशा आवाजात बोलल्या की फोटोवाल्यानंसुद्धा कॅमेरा खाली घेतला.

"ऐका सगळ्याजनी! ही पोटात व्हती तव्हा माले झटके आले व्हते. अश्याच सुजलेल्या हातापायांनी आले व्हते. असंच डोकं दुखत व्हतं, असंच डोयापुढे चमकत व्हतं. मी मरता मरता वाचली. आता हिले येनार हायेत. गाडी काढा!"

 मिठाच्या वाटीवाली तिथंच थबकली.

शेवंताबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला. मग परत आला तो लालबुंद होऊन. "फिट? तुमले फिट येत व्हती? आनि बैठकमा सात पिढ्या ठणठणीत? आमले फसाडं तुम्ही! फिटवालीनी पोर आमना गळामा बांधी दिन्ही!"

"फसवलं," कुंदाबाई म्हणाल्या. "शंभर वेळा फसवलं. काय शिव्या द्यायच्या त्या गाडीत द्या, मी ऐकते. पहिले हिले उचला."

नवीन त्याच्या दुकानातून धावत आला होता. त्याला काय झालं ते पुरतं कळलंही नव्हतं, पण आईच्या आणि सासूच्या भांडणात त्यानं बायकोकडे पाहिलं आणि किल्ली घेतली, एवढी अक्कल त्याला होती. भाविकाला फुलांच्या दागिन्यांसकट गाडीत घातलं. शेवंताबाई बडबडत बडबडत, पण चढल्या. सुनेचं डोकं मात्र त्यांनी आपल्याच मांडीवर घेतलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना स्टेशनच्या बाजूला. त्यांनी बीपीचा पट्टा एका हाताला गुंडाळला, मग दुसऱ्या हाताला. लघवी तपासायला पाठवली. पोटावर हात ठेवून, गुडघ्यावर छोटा हातोडा मारून पाहिलं आणि कोणाशी काही न बोलता आधी इंजेक्शन भरलं. दंडात एक नव्हे, कमरेखाली दोन्ही बाजूंना खोलवर दोन. मग ॲम्ब्युलन्स बोलावली, जळगावच्या हॉस्पिटलला फोन केला, आणि गाडी येईपर्यंत या सगळ्यांकडे वळल्या.

"बीपी खूप वाढलंय. लघवीतून प्रथिनं जातायत. कोणत्याही क्षणी झटका येऊ शकतो, तो येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलंय. कधीपासून डोकं दुखतंय?"

"डॉक्टरीनबाई, हिनी मायले फिट येत व्हती," शेवंताबाई तक्रार नोंदवावी तसं म्हणाल्या. "आमले सांगंच नही."

"फिट?" डॉक्टरीणबाईंनी कुंदाबाईंकडे पाहिलं. "कधी? लहानपणी? लग्नाआधी?"

"फक्त ही पोटात असताना. एकाच दिवशी. त्याच्या आधी नही, नंतर नही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, ती फिट नव्हे. फिटचा आजार तुम्हाला कधीच नव्हता. गरोदरपणात बीपी वाढून आलेले झटके होते ते. मूल झालं की तो धोका हळूहळू जातो. पण मुलीच्या आईला तसं झालं असेल तर मुलीला व्हायची शक्यता वाढते. म्हणून तर मी तिसऱ्या महिन्यातच विचारलं होतं! पहिलंच बाळंतपण, त्यात वजन थोडं जास्त, म्हणून मुद्दाम खोदून विचारलं. आईला, बहिणीला, पोटुशी असताना बीपी, सूज, झटके? या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या."

"आन् ती काय म्हनाली?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नाही म्हणाली."

कुंदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो म्हनाली असती तर काय केलं असतं तुम्ही?"

"रोज रात्री एक छोटीशी गोळी चालू केली असती. महिन्यानं बोलावते तिथं पंधरा दिवसांनी बोलावलं असतं. घरी बीपीचं यंत्र ठेवायला सांगितलं असतं. होणारच नाही अशी हमी मी देत नाही. पण शक्यता बरीच कमी झाली असती, आणि झालंच असतं तर असं धावत यावं लागलं नसतं."

एक छोटीशी गोळी. कुंदाबाईंच्या अंगाची आग आग झाली. एवढ्यासाठी? एका गोळीसाठी? चोवीस वर्षं ज्या शब्दानं त्यांना विहिरीपासून, चुलीपासून, दुसऱ्या लेकरापासून दूर ठेवलं, तो शब्दच खोटा होता. आणि खोट्या शब्दाला घाबरून खरी गोष्ट दडपली होती. ही फिट नाही, हे त्या पहिल्या डॉक्टरनं नानांना सांगितलंच असणार. नानांनी ऐकलं नसेल, किंवा ऐकून सोडून दिलं असेल. बायकांच्या दुखण्यातलं कोण एवढं लक्षात ठेवतो! केळीच्या बागेवर कुठला रोग पडला, कधी पडला, कोणाच्या शेतातून आला, हे नाना वीस वर्षांमागचं तोंडपाठ सांगत. रोपं आणताना दहा ठिकाणी चौकशी करत. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र, सात पिढ्या ठणठणीत.

ॲम्ब्युलन्स आली. जळगावपर्यंत कुंदाबाई मुलीचा सुजलेला हात धरून बसल्या. दुसऱ्या बाजूला शेवंताबाई. बांगड्या काढायला वेळ नव्हता म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं त्या कापल्या होत्या आणि मनगटावर त्यांचे लाल वळ तेवढे राहिले होते. भाविका अर्धवट गुंगीत होती. तिला झटका आला नाही. जळगावला नेल्या नेल्या ऑपरेशनला घेतलं आणि दिवेलागणीला मुलगी झाली. इवलीशी, ओंजळीत मावेल एवढी. रडली मात्र खणखणीत. तिला लगेच काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं.

आई अजून धोक्यातून बाहेर नाही, असं डॉक्टर सांगून गेले. मूल झालं की संपलं असं नसतं, म्हणाले, अजून एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. बाकावर दोघी विहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. शेवंताबाईंची बडबड आता थांबली होती. त्या म्हणाल्या, "मले सांगी देवानं व्हतं ना व, विहीनबाई. एकलीले. कानमा."

"सांगतलं असतं तर सून करून घेतली असती?"

शेवंताबाई खरं बोलल्या, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं. "नही," त्या म्हणाल्या.

"मंग?" कुंदाबाई म्हणाल्या.  शेवंताबाईंनी चहा आणायला पाठवलं आणि आलेल्या दोन कपांतला एक त्यांच्यापुढे धरला. कुंदाबाईंनी तो घेतला, पण राग काही गेला नाही. तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. सगळ्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविकाला नीट शुद्ध आली. बीपी उतरायला लागलं होतं. एकेकानं आत जा, जास्त बोलू नका, असं सांगून नर्सनं कुंदाबाईंना सोडलं. चेहऱ्यावरची सूज होतीच, पण डोळे उघडले होते. कुंदाबाईंना रडू कोसळलं. त्यांनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला. काल भर समारंभात आपण तोंड उघडलं, म्हणून ही आज आहे, असं त्यांच्या मनात होतं. मुलगी आता गळ्यात पडेल असंही कुठंतरी होतं.

"मम्मी," भाविका म्हणाली. आवाज खोल गेला होता. "काल ओटीच्या वेळी तू जे बोललीस, ते खरं आहे?"

"हो."

"मला डॉक्टरांनी विचारलं होतं. तिसऱ्या महिन्यात."

"सांगतलं त्यांनी माले."

"मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं? मी हसले, मम्मी. म्हटलं, माझ्या आईला काय होतंय? ती लोखंडाची आहे. दिवसभर केळीच्या बागेत राबते, कधी डोकं दुखलेलं पाहिलं नाही तिचं. कौतुकानं सांगितलं मी." तिला धाप लागली, ती थांबली. "मी खोटं बोलले नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडी खोटं घातलंत."

"नाना म्हनाले का..."

"नाना म्हणाले, पप्पा गप्प बसले. ते मला माहीत आहे. ते तसेच आहेत. तू? सासरच्यांना नसतं सांगितलं, चाललं असतं. बैठकीत नसतं सांगितलं. पण मला? दिवस गेले तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता. तेव्हा दार लावून, हळूच, मला एकटीला का नाही सांगितलंस?"

कुंदाबाईंचा हात तिच्या केसांवर तसाच थांबला.  घाबरले होते म्हणावं तर कोणाला? फोनवर तर दोघीच होत्या. तेव्हा नाना शेतात होते, नवरा बाजारात होता. घरात कोणी नव्हतं. आणि तरीही त्यांनी लेकीला विचारलं होतं, काय खावंसं वाटतं, डोहाळे कसले लागलेत? कालपासून सगळ्या जगावर धरलेला राग त्यांच्याकडेच तोंड करून उभा राहिला, आणि त्यात त्यांना काही चूक वाटेना. पोरीचं बोलणं शब्दनं शब्द बरोबर होतं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "माझंबी चुकलं. फिटवाली म्हनत व्हते, माले लाज वाटत व्हती."

 भाविकानं आईचा हात बाजूला केला नाही.

इतक्यात दार ढकलून योगराज नाना आत आले. एकेकानंच आत जायचं, हा नियम त्यांच्यासाठी नसावा. मागे सुपडूभाऊ. नानांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. रात्रभर विचार करून आले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"देवाची कृपा," ते म्हणाले. "आता पुढचं ऐका. बाहेर व्याही बसलेत, त्यांच्याकडचे चार लोक आलेत. आपल्या गावाहून फोनावर फोन येतायत. सगळ्यांनी एकच सांगायचं. ओटीच्या वेळी पोरीचा पाय घसरला, पडली, म्हणून सातव्यात सुटका करावी लागली. झटक्यांचं कुंदाबाई रागाच्या भरात बोलल्या, त्यांना त्या वेळी काही सुचत नव्हतं. व्याह्यांशी मी बोलतो, त्यांचीबी अब्रू आहेच त्यात. हे इथंच गाडून टाकायचं. अरे, मुलगी झालीय! उद्या तिचं लग्न करायचंय आपल्याले."

पेटीतल्या पोरीला जगात येऊन एक रात्र झाली होती. तिचं वजन अजून भरायचं होतं, तिला श्वास नीट घेता यायचा होता, तिच्या आईनं तिला एकदा पाहिलंही नव्हतं. आणि नानांना तिच्या लग्नाची काळजी लागली होती!

भाविकानं उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तशीच पडल्या पडल्या ती बोलली.

"नाना, तिचं लग्न राहू द्या. आधी तिच्या बाळंतपणाचं बोला."

"म्हणजे?"

"म्हणजे तिलाही कोणीतरी डॉक्टर विचारेल. आईला झालं होतं का, आजीला झालं होतं का. तेव्हा ती काय सांगणार? पाय घसरला होता?"

 आयुष्यात घरातल्या कुठल्या मुलीनं नानांना उलट विचारलं नव्हतं. त्यांनी सवयीनं मागे वळून धाकट्या भावाकडे पाहिलं. सुपडूभाऊ पुढे आले. त्यांनी टेबलावरचा पेढ्यांचा पुडा उचलला, नानांच्या हातात परत दिला आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, मुलीच्या उशाशी जाऊन उभे राहिले.  त्यांना तेवढंच जमत होतं.

कुंदाबाई उठल्या. डोळे पुसले. डोक्यावर पदर घ्यायला हात वर गेला, तो त्यांनी मधूनच खाली आणला.

"चला नाना, बाहेर," त्या म्हणाल्या. "सगळे जमलेच हायेत. काय झालं ते मी सांगते, पहिल्यापासून. तुम्ही नुसते माझ्या शेजारी उभे राहा."